टक्के ठरतात दवाखान्यात, काम असते शेतात

सोयाबीनची काढणी जवळ आली की आम्ही कृषी खात्याची माणसे तुमच्या बांधावर येतो. शेंगा वाळल्या का बघा, सुडीवर ताडपत्री टाका, बियाण्यासाठी माल ठेवायचा असेल तर मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवा, नाहीतर दाणा फुटतो आणि उगवण घटते, असे सांगतो. दाण्याची एवढी काळजी! पण त्याच यंत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांविषयी आम्ही किती बोलतो? खरे सांगायचे तर जवळजवळ नाहीच. कृषी पदविका घेऊन मी या नोकरीत आलो, त्याला आता दहा-बारा वर्षे झाली. उगवणशक्तीच्या नोंदी ढिगाने केल्या. तुटलेल्या बोटाची नोंद एकही केली नाही. आमच्या डायरीत तसा रकानाच नाही.

आज मी लिहिणार आहे ते विद्यार्थ्यांना संशोधनासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीबद्दल, आणि तीही अपंगांच्या धोरणावर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या. तुम्ही म्हणाल, हडंब्याचा आणि शिष्यवृत्तीचा काय संबंध? संबंध आहे. पण त्याआधी एक घडलेली गोष्ट ऐका.

चार बोटे आणि दोन चाळण्या

माझ्या सज्जातल्या एका गावचा चाळिशीतला मजूर. स्वतःची जमीन गुंठाभरही नाही. सुगीत हडंब्यावर जायचे आणि पोत्यामागे ठरलेली मजुरी टोळीत वाटून घ्यायची, हा त्याचा दरसालचा धंदा. ऑक्टोबरातली रात्र होती. आभाळ भरून आलेले, मालकाला घाई, ट्रॅक्टरच्या उजेडात मळणी चाललेली. ओलसर काड तोंडात अडकले. याने ते हातानेच आत रेटले आणि उजव्या हाताची चारही बोटे गेली. अंगठा तेवढा राहिला.

दवाखाना झाला, उसनवारी झाली, बायकोचे डोरले गेले. जखम भरल्यावर तो माझ्याकडे आला. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "काळजी करू नका, शेतकरी अपघात योजनेत अर्ज करू." गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ही योजना तुम्हाला ठाऊक आहे. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक अवयव निकामी झाल्यास १ लाख. पण ती आहे खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. याच्या घरात सातबाराच नाही. राबतो शेतात, पण कागदावर शेतकरी नाही. पहिल्या चाळणीतून गळाला.

मग अपंगत्वाचा दाखला काढायचे ठरले. ऑनलाइन अर्ज, जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा, तपासणीची तारीख, पुन्हा तारीख. अखेर दाखला आला, पण टक्के आले चाळीसच्या आत. आता सवलतींची बहुतेक दारे ४० टक्क्यांपासून पुढे उघडतात, त्यामुळे निराधारचे अनुदानही नाही आणि राखीव जागाही नाही. चाळीसच्या आतल्याला पांढरे कार्ड मिळते. रेशनचे पांढरे कार्ड पैसेवाल्याचे, आणि हे पांढरे कार्ड रिकाम्या हाताचे! दुसऱ्या चाळणीतूनही माणूस गळाला.

त्या दिवशी कार्ड माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "साहेब, माझा हात किती टक्के गेला ते डॉक्टरांनी सांगितलं. पण इळा धरायला हात किती टक्के लागतो, ते कुणी सांगंल का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही पुरते नाही.

एका हाताचे दोन हिशेब

डॉक्टरांना दोष देऊ नका. त्यांच्या हातात जी मापपट्टी दिली आहे, तिनेच ते मोजतात. ती पट्टी शरीर मोजते. बोट कुठून तुटले, सांधा किती वळतो, हे बघते. तो माणूस त्या हाताने काय काम करून पोट भरत होता, हे ती विचारत नाही. कचेरीत बसणाऱ्याची चार बोटे गेली आणि ऊसतोड्याची चार बोटे गेली, तर दाखल्यावर आकडा सारखाच. प्रपंचावर घाव मात्र सारखा नाही.

आता दुसरा हिशेब बघा. मजुरांच्या नुकसानभरपाईचा १९२३ सालचा जुना कायदा होता. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. त्या जुन्या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. एका हाताची तीन बोटे गेली तर कमाईची ताकद ३० टक्के घटली असे धरायचे, आणि चार बोटे गेली तर ५० टक्के. ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणारे शेतीकामही त्या कायद्याच्या यादीत होते. म्हणजे हात एकच. एक कायदा म्हणतो निम्मी कमाई गेली, आणि दुसऱ्या कायद्याचा दाखला म्हणतो तुम्ही चाळीसच्या आत.

हा तक्ता मला माहीत होता का? नव्हता. शेतीच्या पदविकेत तो शिकवत नाहीत, आणि नोकरीतही कोणी सांगितला नाही. तो मला दाखवला एका विद्यार्थिनीने.

एस.टी.तून उतरलेली पाहुणी

शेतकऱ्याचीच पोर. लहानपणी एक पाय गेलेला, कुबडी घेऊन चालते. अपंग विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची संशोधन शिष्यवृत्ती आहे, ती मिळवून पीएच.डी. करते. विषय घेतला होता खेड्यातल्या अपंगत्वाच्या दाखल्यांचा. ग्रामपंचायतीत येऊन तिने विचारले, "या गावात कामाच्या जागी हातपाय, डोळा गमावलेली माणसं किती?" ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, दिव्यांगांची यादी आहे. ती म्हणाली, "यादी दाखले मिळालेल्यांची आहे. मी न मिळालेल्यांचं विचारते."

मग आशाताईंना बरोबर घेऊन ती घरोघर फिरली. कडबाकुट्टीत अंगठा गेलेला पोरगा. फवारणीनंतर नजर अधू झालेला सालगडी. विहिरीचे काम करताना पडून कंबरेतून बसलेला माणूस. साप चावल्यावर बोट कापावे लागलेली बाई. रोज दिसणारी ही माणसे. आम्ही त्यांना नावाने ओळखत होतो, पण एकत्र मांडून कधी बघितले नव्हते. यादी झाल्यावर चावडीत बसलेले सगळेच जरा वेळ गप्प झाले.

चार बोटे गेलेल्या मजुराचे प्रकरण बघून तिने तो तक्ता काढून दाखवला. पण अपघाताला तोवर दोन वर्षे उलटून गेली होती, आणि दाव्याची मुदत दोनच वर्षांची. उशीर माफ करून घेण्याची तरतूद असते म्हणा. पण मजूरच म्हणाला, "ज्याच्या खळ्यावर बोटं गेली, तो दोन एकराचा धनी. त्याच्यावर दावा लावू? उद्या त्याच्याच बांधावर कामाला जायचंय." त्याचे काय चुकले? दोन गरिबांनी एकमेकांशी भांडून सुटणारा हा प्रश्न नाही. तो धोरणानेच सुटायचा.

बंधूंनो, शिष्यवृत्तीचा संबंध इथे येतो. ती पोर त्याच दिवाळीआधी आली असती, तर निदान अर्ज मुदतीत गेला असता. आणि अशा दहा पोरी जिल्ह्यात फिरल्या असत्या, तर चाळीसच्या रेघेबद्दल सरकारपुढे बोलायला आपल्या हातात पुरावा असता.

कायदाच सांगतो, अभ्यास करा

अपंगांच्या हक्कांचा आजचा कायदा २०१६ चा आहे. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. म्हणजे कायद्याची व्याख्या काही दगडावरची रेघ नव्हे, ती बदलते. या कायद्याच्या कलम २५ मध्ये म्हटले आहे की अपंगत्व कशामुळे येते याची पाहणी आणि संशोधन सरकारने करावे किंवा करवून घ्यावे. कलम २८ संशोधनाचेच आहे, व्यक्ती आणि संस्था या दोघांमार्फत. विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देऊन गावात धाडणे हे याच कर्तव्यात बसते. कोणी उपकार करायचे नाहीत.

आज आपल्याकडे माहिती काय आहे? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यांतले १ कोटी ८६ लाख खेड्यांत, म्हणजे दहांतले सात. महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. पण जनगणनेने अपंगत्वाचा प्रकार विचारला, कारण विचारले नाही. हात यंत्रात गेला की जन्मतःच अधू होता, हे त्या कागदावरून कळत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा सगळे हादरलो. मेलेल्यांची मोजदाद झाली. पण विषबाधेतून वाचलेला माणूस पुढच्या हंगामात पंप उचलू शकतो का, हे लिहून ठेवायला आपल्या कुठल्या दप्तरात जागा आहे?

नुसत्या नोंदीने काय होते?

पुष्कळ काही होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा विंचूदंशाने माणसे पटापट मरत. त्यांनी एकेका रुग्णाच्या बारीक नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखवले, आणि कोकणातल्या खेड्यातला हा अभ्यास जगभर गेला. दुसरे उदाहरण आपल्या शेतीतलेच. दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी हरियाणातल्या गावांत जाऊन शेतीतल्या अपघातांच्या नोंदी करीत बसले. कडबाकुट्टीत लहान मुलांचे हात जातात, हे नोंदींतून पुढे आले. मग यंत्र सुरक्षित कसे करता येईल, यावर त्यांनी काम केले. आधी नोंद, मग उपाय. उलटे होत नाही.

मळणी यंत्राबाबत तर १९८३ पासून धोकादायक यंत्रांचा कायदाच आहे. घास सारायचे तोंड लांब आणि वरून झाकलेले असले, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोहोचतच नाही, हे साधे तंत्र आहे. तरी आपल्याकडे ते झाकण "काम हळू होतं" म्हणून काढून बाजूला ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. का काढतात? पोत्यामागे मजुरी असते म्हणून? रात्रीची घाई म्हणून? याचा अभ्यास मुंबईत बसून होत नाही. त्यासाठी खळ्यावर मुक्काम टाकावा लागतो.

कोणत्या शिष्यवृत्त्या आहेत?

पहिली वर सांगितलेली, अपंग विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय संशोधन शिष्यवृत्ती. २०१२-१३ साली राजीव गांधी यांच्या नावाने ती सुरू झाली. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी वर्षाला २०० जागा. निवड नेट परीक्षेच्या आधारे होते आणि रक्कम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दराने मिळते. २०२३ पासून तो दर पहिल्या टप्प्यात दरमहा ३७,००० रुपये आहे. ज्यांच्या घरात अपंग मूल शिकते आहे, त्यांनी हे कात्रण कापून ठेवावे. उच्च शिक्षणात ५ टक्के जागाही कायद्याने राखीव आहेत. पोराला दिसत नाही, पोरीला चालता येत नाही, म्हणून बारावीनंतर घरी बसवू नका.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. अपंग विद्यार्थ्याला मिळालेली शिष्यवृत्ती वेगळी, आणि अपंगांच्या प्रश्नावरचा अभ्यास वेगळा. हा विषय अपंगानेच घ्यावा असे बंधन नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती देतात, त्या घेणारी आपल्याच तालुक्यातली मुले आहेत. त्यांनी हा विषय का घेऊ नये? मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत अपंगत्वाच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र आहे, आणि त्याच संस्थेची तुळजापूरला ग्रामीण प्रश्नांसाठीची शाखा आहे. वाट अगदीच बंद नाही.

शिवाय कृषी महाविद्यालयांची शेवटच्या वर्षाची मुले "रावे"साठी गावात येऊन राहतात. माती परीक्षण करून दाखवतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, गावाचा नकाशा काढतात. त्यांच्या वहीत "शेतीतले अपघात" असे एक पान घालायला किती खर्च येणार आहे? त्यातून ज्याला गोडी लागेल, त्याला पुढे एका वर्षाची छोटी शिष्यवृत्ती द्यावी. कृषी विद्यापीठांनी आणि राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने मिळून हे करावे, अशी माझी जाहीर सूचना आहे.

तुमचे आक्षेप, माझे उत्तर

पहिला आक्षेप मला पाठ आहे. "संशोधनानं पोट भरतं का? तोच पैसा अपंगाला द्या ना." अपंगाचा पैसा अपंगालाच मिळाला पाहिजे, यात वाद नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. त्यातला एक रुपयाही अभ्यासाकडे वळवू नका. कित्येक ठिकाणी तो निधी मार्च उजाडला तरी पडून असतो, आधी तो वाटा. पण चार बोटे गेलेल्या माणसाला तो निधी देता येतो का, हा प्रश्न पुन्हा त्याच चाळीसच्या रेघेवर येऊन अडतो. रेघ हलवायची तर पुरावा पाहिजे, आणि पुरावा गोळा करायला माणूस पाहिजे. त्या माणसाने उपाशीपोटी फिरावे, असे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "पोरं येतात, फॉर्म भरून घेतात, फोटो काढतात आणि जातात ती जातातच. पुन्हा तोंड दाखवत नाहीत." हे मीही पाहिले आहे. म्हणून अट घाला. शिष्यवृत्तीच्या कागदावरच लिहा की अहवाल मराठीत हवा, तो गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवला पाहिजे, आणि ज्याची माहिती घेतली त्याला विचारल्याशिवाय त्याचे नाव छापायचे नाही. निदान दोन हंगाम त्याच तालुक्यात काढले पाहिजेत. अहवाल ग्रामसभेत वाचला नाही, तर शेवटचा हप्ता नाही. आपण पीककर्जाला एवढ्या अटी सोसतो, मग विद्वानांनी दोन सोसल्या तर काय बिघडले?

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील आणि आशाताई यांना हात जोडून सांगणे आहे. विद्यार्थी येईल तेव्हा येईल, आपण आजच एक साधी वही घाला. तिच्यात एवढेच लिहा: अपघात कोणत्या महिन्यात, दिवसा की रात्री, कोणत्या कामात, कोणत्या यंत्रावर. काय गमावले. आधी काय काम करीत होता, आता काय करतो. कोणता अर्ज केला आणि तो कोठे अडला. बायकांची माहिती बायकांनाच विचारा, कारण पदर किंवा ओढणी पट्ट्यात अडकल्याची गोष्ट घरचा पुरुष "किरकोळ लागलं" म्हणून सांगतो. ही वही कपाटात कुलपाखाली राहू द्या. अभ्यासाला आलेल्या मुलाला त्या त्या माणसाच्या संमतीने ती दाखवा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, म्हणजे सोयाबीनच्या खळ्याआधी दीड-दोन महिने हाताशी राहतात.

आणि यंत्रमालकांनो, तोंडावरचे झाकण परत बसवा. अडकलेले काड काढायचे तर आधी ट्रॅक्टर बंद करा. सैल बाह्या, मफलर, ओढणी घेऊन कोणाला जवळ उभे करू नका. अंधारात मळणी नको. हे सांगायला कोणत्याही शिष्यवृत्तीची गरज नाही, आणि हे मी पूर्वीच सांगायला हवे होते.

तो मजूर आज काय करतो? उजव्या तळव्याला चिंधीने विळा बांधून गवत कापतो. टोळीत त्याला कोणी घेत नाही, कारण त्याचा वेग निम्मा झाला आहे. म्हणजे त्या जुन्या तक्त्याने मांडलेला हिशेब गावाने न वाचताच बरोबर धरला. दाखल्याने मात्र अजून धरलेला नाही.

माझ्या डायरीत यंदा मी पट्टी घेऊन एक रकाना आखला आहे. वर लिहिले आहे, "काम करताना झालेली इजा". साहेब लोक तपासणीला आले तर विचारतील, हा कोणाच्या आदेशाने घातला? सांगेन काहीतरी. तुमच्या गावात त्या रकान्यात भरण्यासारखे काही घडले असेल, तर पुढच्या फेरीला मी बांधावर येईन तेव्हा दाण्याचे बोलून झाल्यावर तेही सांगा.